लिथियमची विषबाधा घरच्यांनी कशी ओळखावी?

काटेपूर्णा (अकोला) यांचा प्रश्न

माझ्या सासूबाईंचे वय ६६ आहे. त्यांना बायपोलर आजार (आलटून पालटून उन्माद आणि नैराश्य येणारा मनोविकार) असून गेली जवळजवळ वीस वर्षे त्या लिथियम घेत आहेत. सध्या ३०० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या रोज चालू आहेत. या औषधाने त्यांचे आयुष्य सावरले हे आम्ही घरातल्या सर्वांनी पाहिले आहे, त्यामुळे औषधाबद्दल आमच्या मनात अढी नाही. मात्र गेल्या काही आठवड्यांत त्यांच्यात झालेल्या बदलाचा आम्हांला उलगडा होत नाही.

त्यांचे हात पूर्वीपासून किंचित थरथरत असत. आता ती थरथर इतकी वाढली आहे की कप तोंडाशी नेताना चहा अंगावर सांडतो आणि ब्लाउजचे हुक त्यांना स्वतःला लावता येत नाहीत. त्या पाय फाकवून, भिंतीचा आधार घेत चालतात. बोलणे जड झाले आहे. दिवसा बराच वेळ झोपून असतात, हाक मारली की ओ देतात, पण मध्येच मला नणंदेच्या नावाने बोलावतात. परवापासून जुलाब होत आहेत आणि जेवण जवळजवळ बंद आहे.

जवळच्या डॉक्टरांनी उन्हाचा त्रास असल्याचे सांगून ताकद येण्यासाठी गोळ्या दिल्या. नातेवाईक म्हणतात की आता वय झाले, असे व्हायचेच. तीन महिन्यांपूर्वीच्या तपासणीत रक्तातील लिथियमची पातळी ०.८ (मिलिमोल प्रति लिटर) होती आणि रिपोर्टवर ती सामान्य असल्याची नोंद आहे. त्यानंतर दोन बदल झाले आहेत. गुडघेदुखीसाठी त्यांना ॲसिक्लोफिनॅकची गोळी सुरू झाली, आणि रक्तदाबाची जुनी गोळी बदलून टेल्मिसार्टन व हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली गोळी दिली गेली. मीठ कमी करण्यासही सांगितले आहे.

मनोविकारतज्ज्ञांची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळाली आहे. ही लिथियमची विषबाधा असू शकते का, ती कशी ओळखावी, आणि तोपर्यंत थांबणे योग्य आहे का, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

मनोविकारतज्ज्ञ, नाशिक

ताई, सर्वांत आधी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देतो. पुढच्या आठवड्यापर्यंत थांबू नका, उद्यापर्यंतही थांबू नका. आजच त्यांना अशा रुग्णालयात न्या जिथे लिथियमची पातळी, क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडाचे काम कळते), सोडियम, पोटॅशियम आणि ईसीजी या तपासण्या होतात आणि गरज पडल्यास डायलिसिसची सोय आहे. गाडीची व्यवस्था होत नसेल, किंवा त्यांची शुद्ध हरपू लागली, आकडी आली, तर १०८ वर फोन करा. लिथियमची पुढची मात्रा आणि ती वेदनाशामक गोळी डॉक्टरांनी पाहीपर्यंत देऊ नका. चालू असलेल्या सर्व गोळ्यांच्या पट्ट्या सोबत घ्या, आणि रुग्णालयात पहिल्याच वाक्यात ‘लिथियम चालू आहे’ असे सांगा. हे वाक्य राहून गेले तर अशा रुग्णाची तपासणी अर्धांगवायू, मेंदूचा ताप किंवा स्मृतिभ्रंश या दिशेने जाते आणि मोलाचे तास निघून जातात.

न पाहता निदान करता येत नाही, परंतु तुम्ही लिहिलेले वर्णन दीर्घकाळ लिथियम घेणाऱ्या व्यक्तीच्या विषबाधेशी इतके जुळते की दुसरे काही सिद्ध होईपर्यंत तेच गृहीत धरावे.

आता लक्षणांविषयी. लिथियम योग्य प्रमाणात असतानाही अनेकांच्या बोटांना बारीक थरथर असते, तहान जास्त लागते, लघवीला वारंवार जावे लागते, काहींच्या तोंडाला धातूसारखी चव येते. हे दुष्परिणाम आहेत आणि ते वर्षानुवर्षे साधारण तसेच राहतात. विषबाधेत ठळक दिसतो तो बदल. बारीक थरथर जाऊन हात मोठ्या झोक्याने हलू लागतात, कधी हनुवटीही हलते. मळमळ, उलट्या, जुलाब सुरू होतात. पाय जड वाटतात, तोल जातो, जीभ जड होते, सुस्ती येते. याच्या पुढच्या टप्प्यात माणूस गोंधळतो, दिवस किंवा माणसे ओळखण्यात चुकतो, हातापायांचे स्नायू मध्येच दचकल्यासारखे उडतात, डोळ्यांची बुबुळे स्थिर राहत नाहीत. त्याही पुढे आकडी, बेशुद्धी आणि हृदयाच्या ठोक्यांतील बिघाड येतो. हे टप्पे प्रत्येकात याच क्रमाने येत नाहीत. एकाच वेळी खूप गोळ्या घेतल्या गेल्या असतील तर आधी पोट बिघडते आणि मेंदूची लक्षणे काही तासांनी, क्वचित दिवसभरानंतर दिसतात. तुमच्या सासूबाईंसारख्या रुग्णांत औषध शरीरात सावकाश साचत जाते, तेव्हा चाल, हात आणि बोलणे आधी बिघडते, पोटाची तक्रार किरकोळ असते किंवा नसतेच. म्हणूनच घरच्यांना हे म्हातारपण वाटते. मात्र म्हातारपण काही आठवड्यांत असे झपाट्याने येत नाही.

तीन महिन्यांपूर्वीचा ०.८ हा आकडा आजच्या स्थितीबद्दल काहीच सांगत नाही, कारण दोन नवी औषधे आणि मिठातली घट हे सारे त्यानंतरचे आहे. शिवाय ०.६ ते १.२ ही जी मर्यादा रिपोर्टवर छापलेली असते, ती सर्व वयांसाठी मिळून असते. साठीनंतर आम्ही बहुधा ०.४ ते ०.८ च्या दरम्यान राहण्याचा प्रयत्न करतो, कारण वयस्कर मेंदूला कमी पातळीही बाधू शकते. सर्वसाधारणपणे १.५ च्या वर विषबाधेची लक्षणे अपेक्षित असतात आणि २ च्या वर स्थिती गंभीर मानली जाते, परंतु दीर्घकाळ औषध घेणाऱ्यांत आकडा ‘सामान्य’ असूनही विषबाधा झालेली मी पाहिली आहे. रुग्णाची चाल आणि रिपोर्ट यांत विरोध दिसला तर मी चालीवर विश्वास ठेवतो.

फार्मासिस्ट, मिरज

डॉक्टरांनी सांगितलेले आधी करा, हे वाचणे नंतर होईल. पण हा धागा पुढे इतर कुटुंबेही वाचतील, म्हणून औषधांच्या बाजूने थोडे सविस्तर लिहितो.

लिथियमचे यकृतात विघटन होत नाही. ते जवळजवळ सर्वच्या सर्व मूत्रपिंडातून बाहेर पडते, आणि मूत्रपिंड त्याला सोडियमसारखेच वागवते. शरीरात पाणी किंवा मीठ कमी पडले की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवू लागते, आणि त्याबरोबर लिथियमही रक्तात परत ओढले जाते. उन्हाळ्यातला घाम, जुलाब, उलट्या, ताप, कडक उपास, अचानक अळणी जेवण या सगळ्यांचा परिणाम याच एका मार्गाने होतो. गोळ्यांची संख्या तीच राहते आणि रक्तातले औषध वाढत जाते.

आता तुमच्या घरातल्या दोन गोळ्या. ॲसिक्लोफिनॅक, डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, इटोरिकॉक्सिब ही वेदनाशामके मूत्रपिंडाकडून लिथियम बाहेर टाकले जाण्याचे प्रमाण घटवतात. हायड्रोक्लोरोथायझाइड आणि क्लोरथॅलिडोन ही लघवी वाढवणारी औषधे लिथियमची पातळी २५ ते ४० टक्क्यांपर्यंत, कधी त्याहूनही अधिक वाढवू शकतात. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल यांचाही परिणाम त्याच दिशेने होतो. तुमच्या सासूबाईंना या तिन्ही गटांतली औषधे जवळपास एकाच काळात सुरू झाली, त्यात मीठ कमी केले आणि त्यात अकोल्याचा उन्हाळा. अस्थिरोगतज्ज्ञांनी गुडघ्यासाठी योग्य औषध दिले असेल आणि रक्तदाबाच्या डॉक्टरांनी रक्तदाबासाठी योग्य औषध दिले असेल, पण दोघांच्या चिठ्ठ्या एकत्र ठेवून कोणी पाहिल्या नाहीत. आपल्याकडे हेच वारंवार घडते, आणि मला त्याची मनापासून काळजी वाटते.

दुकानात येणाऱ्यांना मी नेहमी काही गोष्टी सांगतो. अंगदुखीसाठी मेडिकलमधून सहज मिळणाऱ्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉलच्या जोडीला आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक किंवा ॲसिक्लोफिनॅक असते, म्हणून पट्टीवरचे बारीक अक्षर वाचावे. नुसते पॅरासिटामॉल लिथियमसोबत चालते. रक्तदाबाच्या गोळीच्या नावापुढे ‘एच’ अक्षर असेल तर त्यात बहुधा हायड्रोक्लोरोथायझाइड असते. ॲम्लोडिपिन हे या दृष्टीने तुलनेने सुरक्षित आहे. कमी सोडियमचे म्हणून जे मीठ विकले जाते, ते लिथियम घेणाऱ्याने स्वतःच्या मनाने सुरू करू नये. त्यात बरेचसे पोटॅशियम क्लोराइड असते, आणि टेल्मिसार्टनसारख्या गोळीबरोबर ते पोटॅशियमही वाढवते.

मिठावरून एक इतिहास सांगावासा वाटतो. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत हृदयरोगाच्या पथ्यावर असलेल्या लोकांना मिठाऐवजी लिथियम क्लोराइड विकले जात होते. आधीच सोडियम कमी केलेले ते रुग्ण ते चवीपुरते हवे तितके वापरत. अनेकांना विषबाधा झाली, काही दगावले आणि १९४९ मध्ये ते बाजारातून काढून टाकण्यात आले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादावर लिथियमचा उपयोग होत असल्याचे प्रसिद्ध केले. मिठाचा तो धक्का इतका मोठा होता की अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळायला १९७० उजाडले. मीठ कमी आणि लिथियम चालू ही जोडी किती धोक्याची आहे, हे वैद्यकाला तेव्हापासून माहीत आहे.

इंद्रायणी

मी स्वतः अनेक वर्षे लिथियम घेते, म्हणून रुग्णाच्या बाजूने लिहिते. सासूबाईंकडून ‘मला काही होत नाही’ असे उत्तर आले तर त्यावर विसंबू नका. पातळी वाढत असताना डोके मंद होते आणि आपले बोलणे अडखळते आहे हे आपल्याला स्वतःला जाणवतच नाही, त्यामुळे हे ओळखण्याचे काम घरच्यांनाच करावे लागते.

घरात पाहण्यासारख्या काही साध्या गोष्टी आहेत. सही करायला सांगून ती जुन्या सहीशेजारी ठेवावी. टाचेला बोटे लावत सरळ रेषेत चार पावले चालायला सांगावे, मात्र शेजारी धरायला कोणी तरी असावे. एक बोट स्वतःच्या नाकाला आणि मग समोरच्या माणसाच्या बोटाला लावायला सांगावे. हात जितका लक्ष्याजवळ जाईल तितका अधिक हलू लागला तर ते नेहमीच्या थरथरीचे लक्षण नाही. नेहमीच्या माणसाशी फोनवर बोलू द्यावे, कारण रोज शेजारी असणाऱ्यांपेक्षा आठवड्याने बोलणाऱ्याला आवाजातला फरक लवकर कळतो. यातली कोणतीही गोष्ट रक्ततपासणीची जागा घेत नाही, पण दवाखान्यात जायचे की नाही हा निर्णय लवकर होतो.

उपासांबद्दलही स्पष्ट लिहिते. निर्जळी एकादशी किंवा हरतालिकेचा बिनपाण्याचा उपास लिथियम घेणाऱ्याने करू नये, रमजानचे रोजे ठेवायचे असतील तर आधी डॉक्टरांशी बोलूनच ठेवावेत, आणि वारीला चालत जायचे असेल तर पाणी आणि मीठ या दोहोंची तजवीज करून निघावे. मी साबुदाण्याच्या खिचडीचा उपास करते, पण पाणी नेहमीइतके पिते आणि जेवणातले मीठ रोज साधारण सारखे ठेवते. चहाचेही तसेच आहे. भरपूर चहा पिणाऱ्याने तो एकाएकी सोडला तर लिथियमची पातळी वाढू शकते, हे मला माझ्या डॉक्टरांनी सांगितले तेव्हा नवल वाटले होते.

जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर काय करायचे, हे मी बरी असतानाच डॉक्टरांकडून लिहून घेतले आहे. माझ्या कागदावर त्या दिवशी लिथियम थांबवून डॉक्टरांना फोन करावा असे आहे. प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांकडून आपल्यापुरते लिहून घ्यावे.

काटेपूर्णा (अकोला)

सर्वांचे मनापासून आभार. सासूबाईंना काल संध्याकाळीच दाखल केले. लिथियमची पातळी १.७ आली, क्रिएटिनिन १.६ आहे. लिथियम, वेदनाशामक आणि रक्तदाबाची नवी गोळी बंद करून सलाईन सुरू केले आहे. आज सकाळी पातळी १.४ वर आली. जुलाब थांबले, पण हात तसेच हलतात आणि बोलण्यातला गोंधळ आहेच. पातळी उतरत असताना लक्षणे का कमी होत नाहीत? १.७ हा आकडा फार मोठा नसतानाही इतका त्रास कसा झाला? डायलिसिसची तूर्त गरज नाही असे डॉक्टर म्हणतात, त्याबद्दलही कोणी सांगू शकेल का?

मूत्रपिंडविकार विभागातील निवासी डॉक्टर, पुणे

आपण वेळेत दाखल केलेत हे फार चांगले झाले. लिथियम रक्तातून मेंदूत सावकाश शिरते आणि तिथून सावकाशच बाहेर पडते. अनेक आठवडे पातळी चढत गेली असेल तर मेंदूत ते भरपूर मुरलेले असते, म्हणून रक्तातला आकडा मध्यम असूनही लक्षणे मोठी दिसतात. उलट कोणी एकदम मूठभर गोळ्या घेतल्या तर रक्तातला आकडा ४ असूनही पहिल्या काही तासांत माणूस बोलताना दिसू शकतो. तसेच उतरतानाही रक्त आधी साफ होते आणि मेंदू मागाहून. गोंधळ आणि थरथर ओसरायला काही दिवस, वयस्कर व्यक्तींत कधी दोन-तीन आठवडे लागतात. थोड्या रुग्णांत तोल आणि बोलण्यातला दोष महिनोन्‌महिने किंवा कायमचा राहतो. हे तुम्हांला घाबरवण्यासाठी लिहीत नाही. चाल आणि बोलणे यांची नोंद रोज ठेवली जावी आणि सुधारणा थांबल्यास मेंदूविकारतज्ज्ञांना वेळेवर दाखवता यावे, यासाठी लिहितो.

डायलिसिसबद्दल आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शिफारशी आहेत. शुद्ध हरपत असेल, आकडी येत असेल किंवा हृदयाच्या ठोक्यांत जिवाला धोका असणारा बिघाड असेल तर पातळी कितीही असली तरी डायलिसिस करावे. मूत्रपिंडाचे काम कमी असताना पातळी ४ च्या वर असेल तरीही करावे. पातळी ५ च्या वर असेल, रुग्णाला गोंधळ असेल, किंवा पातळी १ च्या खाली यायला ३६ तासांपेक्षा अधिक वेळ लागेल असे दिसत असेल तर डायलिसिसचा विचार करावा, असे त्यात सुचवले आहे. तुमच्या सासूबाईंना गोंधळ आहे, म्हणून हा प्रश्न डॉक्टरांना रोज विचारणे रास्त आहे. पातळी चांगली उतरत असेल आणि शुद्ध टिकून असेल तर सलाईनवर थांबण्याचा त्यांचा निर्णयही समजण्यासारखा आहे. डायलिसिस झालेच तर त्यानंतर काही तासांनी पातळी पुन्हा थोडी वर येते, कारण पेशींत साठलेले लिथियम रक्तात परत येते. तेव्हा घाबरू नका, पण नंतरची तपासणी चुकवू नका.

सलाईनच्या काळात सोडियमवर लक्ष हवे. वर्षानुवर्षे लिथियम घेतलेल्यांचे मूत्रपिंड लघवी दाट करण्याची क्षमता गमावते. असा रुग्ण भरपूर पातळ लघवी करतो, आणि त्याला नुसते सलाईन दिले जात राहिले तर रक्तातील सोडियम वाढू शकते. दिवसाला लघवी किती होते हे मोजून नर्सना सांगणे, एवढी मदत नातेवाईक सहज करू शकतात.

वाचक, ठाणे

रक्त देताना कोणती वेळ पाळावी, आणि सकाळची गोळी घेऊन जावे की न घेता?

मनोविकारतज्ज्ञ, नाशिक

नेहमीच्या तपासणीसाठी शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्त द्यावे, म्हणजे रात्री नऊची गोळी असेल तर सकाळी नऊला, आणि सकाळची गोळी रक्त दिल्यानंतर. गोळी घेऊन लगेच रक्त दिले तर आकडा खोटा वाढलेला दिसतो. रक्त घेण्याच्या काही नळ्यांत लिथियम हेपॅरिन नावाचे द्रव्य असते आणि त्या नळीतल्या रक्ताची पातळी भलतीच जास्त येते. आकडा मोठा आणि माणूस ठणठणीत असेल तर हे तपासून पाहावे. विषबाधेचा संशय असेल तेव्हा मात्र बारा तास मोजत बसू नये, रक्त लगेच द्यावे आणि शेवटची गोळी कधी घेतली ते चिठ्ठीवर लिहावे.

काटेपूर्णा ताई, पुढचा प्रश्न तुमच्या मनात येईलच, म्हणून आताच लिहितो. लिथियम पुन्हा सुरू करायचे की नाही, हे मूत्रपिंड कितपत सावरते यावर आणि आजवर त्यांना त्याचा किती उपयोग झाला यावर ठरेल. ते एकाएकी बंद झाल्यावर उन्माद किंवा नैराश्य उलटण्याचा धोका पुढच्या काही आठवड्यांत वाढतो आणि आत्महत्येचा धोकाही वाढतो, म्हणून ‘विष होते, सुटलो’ असे समजून मानसोपचार थांबवू नयेत. मूत्रपिंड व सध्याची औषधे पाहून व्हॅल्प्रोएट किंवा क्वेटियापिनसारखा पर्याय देता येतो. घरी गेल्यावर झोप कमी होऊनही उत्साह वाढणे, बोलणे थांबेनासे होणे, किंवा उलट गप्प राहून जगण्याचा कंटाळा व्यक्त करणे दिसले तर त्याच दिवशी कळवा. रात्री-अपरात्री बोलायचे झाल्यास टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. लिथियम पुन्हा सुरू झालेच तर ते कमी मात्रेने होईल, आणि प्रत्येक वेळी मात्रा बदलल्यानंतर पाच ते सात दिवसांनी पातळी पाहावी लागेल. रुग्णालयातून निघण्यापूर्वी गुडघ्यासाठी आणि रक्तदाबासाठी कोणती गोळी चालेल, हे एकाच चिठ्ठीवर लिहून घ्या आणि त्या चिठ्ठीची प्रत तिन्ही डॉक्टरांना द्या.